छत्री गच्चीवरच कशाला?

डिशचा नेम धरताना घराघरांत एकच संवाद ऐकू येतो. खालून टीव्हीसमोरचा ओरडतो, ‘‘आला, आला... गेला!’’ वरचा माणूस डिश किंचित हलवतो, मान मागे टाकून आकाशाकडे पाहतो आणि नकळत एक पाऊल मागे घेतो. मागे कठडा नसतो, नाहीतर पायाखाली सिमेंटचा जुना पत्रा असतो. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाच्या टाचेचे हाड मोडते आणि तोच धक्का वर चढून कमरेचा मणका दबतो. टाच दुखते म्हणून आलेल्या अशा रुग्णाची कंबरही तपासावी लागते.

मोटरवर फिरणारी डिश बसवणाऱ्या हौशी मंडळींना तर वर जास्तच वेळ काढावा लागतो. नेहमीची छत्री एकाच उपग्रहाकडे पाहते. मोटरवाली पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत अनेक उपग्रहांकडे वळते. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून जागचे हलत नाहीत असे वाटते. आपल्याकडून त्यांची रांग दक्षिण आकाशात कमानीसारखी दिसते. ती कमान धरायची तर मोटरचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा.

पण इथेच आपल्या भूगोलाची मोठी सोय आहे. लंडनमध्ये बरोबर दक्षिणेचा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम ३१ अंशांवर असतो. घरे-झाडे आड येतात, म्हणून डिश उंच न्यावी लागते. पुण्यात तोच उपग्रह सुमारे ६८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. रेखांशात ४० अंश बाजूला असलेला उपग्रहसुद्धा सुमारे ४० अंश उंच दिसतो. मग अंगणातली कुंपणाची भिंत आड येण्याचे कारण नाही. दक्षिणेचे आकाश मोकळे असेल तर छत्री अंगणात किंवा गच्चीच्या मधोमध बसवावी. पत्र्यावर चढण्याची हौस कशाला?

खांब काँक्रीटमध्ये घट्ट आणि ओळंब्यात हवा. तो कलला तर पुढची सारी मेहनत वाया जाते. मोटरवरच्या अक्षांशाच्या पट्टीवर पुण्यासाठी १८.५ लावायचे, डिशचा कोन मोटरच्या पुस्तिकेप्रमाणे. ही कामे जमिनीवरच उरकता येतात. दक्षिण शोधताना लोखंडी खांबाजवळ होकायंत्र फसवते. त्यापेक्षा सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळांचा मध्य काढावा. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैअखेर, शून्य सावलीच्या सुमारास, हा उपाय चालत नाही.

पुण्याचा रेखांश जवळपास ७४ अंश पूर्व. म्हणून मोटर शून्यावर ठेवून आधी ७४ अंशांवरचा भारतीय उपग्रह धरावा, मगच पूर्व-पश्चिमेचे. ९० सेंटिमीटरच्या डिशचा नेम एका अंशाने चुकला तरी सिग्नल निम्म्यावर येतो. मधला उपग्रह लागतो आणि टोकाचे लागत नाहीत, तर खांब किंवा दक्षिण चुकली असे समजावे. मार्चच्या मध्याआधी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी काही मिनिटे चित्र जात असेल, तर मात्र पाना उचलू नये. तेव्हा उपग्रहामागून सूर्य जात असतो. दोष डिशचा नसतो.

छत्रीतून किरणे बाहेर पडतात, ही भीती निराधार आहे. ती फक्त लहरी गोळा करते. खरा धोका जवळून जाणाऱ्या विजेच्या तारांचा. लांब लोखंडी पाइप उभा करताना तो तारेला टेकला की जीव जातो. हात लावण्याआधी बॉक्सचा प्लग काढावा, पावसात आणि वीज कडाडताना कामच करू नये. अंगणातल्या डिशभोवती जाळी हवी; दिवाणखान्यातून रिमोट दाबला की ती फिरते, आणि तिथे मुले खेळत असतात.

वर जाणे टळतच नसेल तर दोघांनी जावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना आणि मान वर केल्यावर भोवळ येणाऱ्यांना वर पाठवू नये. कोणी पडलेच तर हातपाय धरून उचलू नका. मान-पाठ न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागलेला माणूस उठून बोलू लागला तरी काही तासांनी गुंगी, उलट्या किंवा वाढती डोकेदुखी सुरू होऊ शकते. ‘झोपू द्या, दमला असेल’ असे म्हणू नका. त्याला लगेच रुग्णालयात न्या.