दरवाजा मिटला नाहीं तर?

पावसाळ्यांत गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले कीं, गोदावरीचें पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर चढलें हें पाहण्यास सारें नाशिक घाटाकडे लोटतें. दरवाजा वेळेवर उघडणें जितकें अगत्याचें, तितकेंच तो वेळेवर मिटणेंहि अगत्याचें. आमच्या विद्यार्थ्यांच्या छातींतहि असेच दरवाजे अहोरात्र उघडमीट करीत असतात; त्यांची माहिती थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

लंडनचे डॉ. सिडनी रिंगर यांनीं १८८३ सालीं दाखविलें कीं, बेडकाचें हृदय मिठाच्या निव्वळ द्रावणांत धडधडत राहत नाहीं. त्यांत चुन्यांतील कॅल्शियमचा अंश लागतो. तो कां लागतो? हृदयाच्या पेशीबाहेर कॅल्शियम, विश्रांतीच्या वेळीं, आंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पट असतें. पेशीच्या आवरणांत प्रथिनांचे दरवाजे आहेत. विजेची लहर आली कीं ते क्षणमात्र उघडतात, कॅल्शियम आंत शिरतें व स्नायु आकुंचन पावतो. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपीनची गोळी रक्तवाहिन्यांतील ह्याच जातीच्या दरवाजांस आवरते.

परंतु हृदयांत दरवाजे नानाविध. त्यांतून एकाच जातीची पारख कशी करावी? येथें जंतूंच्या पोटांतील एक चिमुकलें कडें उपयोगी पडतें. डी.एन.ए.च्या ह्या कड्यास जोशुआ लेडरबर्ग यांनीं १९५२ सालीं 'प्लास्मिड' हें नांव दिलें. शास्त्रज्ञ त्यांत दरवाजाचा जनुक, म्हणजे तो घडविण्याची कृति, गुंफतात. त्याच्या आरंभीं सस्तन प्राण्याच्या पेशीस समजेल अशी 'येथून वाचा' ही खूण, बहुधा एखाद्या विषाणूपासून घेतलेली, ठेवतात. जंतुनाशक औषधास दाद न देण्याचा जनुकहि जोडतात. त्यामुळें तें औषध घातलें कीं कडें धारण करणारे जंतूच तेवढे जगतात. त्यांच्याकडून कड्याच्या असंख्य प्रती करवून, ज्यांत असले दरवाजे जवळजवळ नसतात अशा पेशींत त्या सोडतात. मुख्य प्रथिनाबरोबर त्याच्या साहाय्यक प्रथिनांचे जनुकहि द्यावे लागतात. मग अतिशय बारीक टोंकाच्या कांचेच्या नळीनें विद्युत्प्रवाह मोजतात. ही युक्ति काढणारे नेहर व साकमन यांस १९९१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा कामीं लागणाऱ्या पेशींचें भांडार पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांत आहे.

ह्या खटाटोपाचें फळ काय? टिमथी सिंड्रोम नांवाच्या विरळा विकारांत बालकें बहुधा जोडलेलीं बोटें घेऊन जन्मतात, आणि हृदयाचा ताल एकाएकीं बिघडून त्यांतील कित्येक लहानपणींच दगावतात. २००४ सालीं त्यांच्या जनुकांत एका अक्षराची चूक सांपडली: प्रथिनाच्या साखळींत ४०६ व्या जागीं ग्लायसीनऐवजीं आर्जिनीन. चुकलेला जनुक पेशींत घालून पाहतां, दरवाजा उघडतो पण नीट मिटत नाहीं, असें दिसलें.

कारण कळलें म्हणजे उपाय तत्काळ हातीं येतो असें नाहीं. तथापि तपासणी कोणती व सावधगिरी कोणती हें वैद्यास कळतें, आणि बालकाच्या दुखण्याचें खापर आईच्या माथीं फोडण्यास जागा उरत नाहीं. शुद्धलेखनांत एक अक्षर चुकलें तर काय बिघडलें, असें विचारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.