बँकेची नोटीस परत पाठवू नका

गेल्या उन्हाळ्यात मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर चहा घेताना घरधन्याने फळीवरून बँकेचा रजिस्टर लिफाफा काढला. फोडलेलाच नव्हता. म्हणाला, "फोडलं की लागू होतंय म्हणत्यात." राहते घर तारण ठेवून त्याने दुधाच्या धंद्यासाठी कर्ज काढले होते. लिफाफा फोडला, तर 60 पैकी 47 दिवस उलटून गेलेले!

नोटीस घेतली नाही म्हणून ती टळत नाही. टाळाटाळ केली तर ती दारावर चिकटवता येते, वर्तमानपत्रात छापता येते. दिवस मात्र तुमचे वाया जातात.

60 दिवस कशासाठी?

2002 च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक कोर्टात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. मात्र कर्ज थकीत ठरल्यावर आधी 60 दिवसांची लेखी मागणी नोटीस द्यावीच लागते. येणे किती आणि कोणत्या तारणावर कारवाई होणार, हे तिच्यात लिहिलेले पाहिजे.

या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत मान्य नसेल तर बँकेने 15 दिवसांत कारणासह कळवले पाहिजे. तोंडी बोलण्याला इथे किंमत नाही. आणखी एक, नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मालमत्ता विकू नका.

ताबा आणि लिलाव

ताबा घेतला तरी सगळे संपले असे नाही. कारवाई चुकीची वाटली तर 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. विक्रीपूर्वी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी खर्चासह पूर्ण रक्कम भरली, तरच मालमत्ता सोडवण्याचा हक्क राहतो.

शेतजमिनीचे काय?

शेतजमिनीचे तारण या कायद्यातून वगळले आहे. पण नुसता सात-बारा दाखवून भागत नाही. जमीन प्रत्यक्ष कसली जाते का, हे पाहिले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले. म्हणून पीकपाहणीची नोंद दरवर्षी करून घ्या. तलाठी भाऊसाहेबांनीही याकडे लक्ष द्यावे. सूट आहे म्हणून कर्ज बुडाले असेही समजू नका. सोसायटीच्या थकबाकीसाठी सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो. त्या चौकशीची नोटीस आली की तारखेला हजर राहा.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना एकच विनंती. गावात कोणाला असा लिफाफा आला तर त्याला वाचून दाखवा, तारीख समजावून सांगा. गरज पडल्यास तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे घेऊन जा.

त्या घरधन्याने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. भरलेले दोन हप्ते खात्यावर दिसत नव्हते, त्याच्या पावत्या जोडल्या. हिशेब दुरुस्त झाला, बाकीची बोलणी चालू आहेत. तेवढे तेरा दिवस हाताशी होते म्हणून जमले.