बाळाची पहिली शी आणि आतड्यातील चेतापेशी

शहागंजच्या पेठेत माल उतरला, पण पुढे नेणारा हमालच नसला, तर सारे अडून राहते. आतड्याचेही तसेच आहे. त्याच्या भिंतीतील कोट्यवधी चेतापेशी अन्न पुढे ढकलतात आणि रोगप्रतिकारक पेशींशी संधान राखतात. काही बालकांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी जन्मतःच नसतात. कोपनहेगनचे डॉ. हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. मळ साचतो, आतडे फुगते आणि प्राणघातक दाह होऊ शकतो. म्हणून जन्मानंतर २४ तास उलटूनही काळी शी झाली नाही, पोट फुगले वा हिरवी उलटी झाली, तर बाळगुटी उगाळत बसू नये. तत्काळ बालरोगतज्ज्ञ गाठावा. शहागंजपासून घाटी रुग्णालय दूर नाही. शस्त्रक्रियेने चेतापेशी नसलेला भाग काढता येतो आणि बहुतेक बाळे पुढे चांगली वाढतात.