इंजिन नंतर, आधी आरसी

जुनी मोटरसायकल बघायला गेलेला माणूस आधी किक मारतो. मग अॅक्सिलरेटर पिळतो, डोळे बारीक करून आवाज ऐकतो आणि सोबत आणलेल्या मित्राकडे बघतो. मित्राला त्यातलं कितपत कळतं, हा प्रश्न वेगळा. त्याने मान डोलावली की व्यवहार ठरतो आणि कागदपत्रं ‘बघू नंतर’ म्हणत एजंटच्या हवाली होतात. हा क्रम उलटा हवा. बिघडलेलं इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावी बांधून मिळतं. आरटीओच्या नोंदीत अडकलेली गाडी मात्र कोणताच मिस्त्री सोडवू शकत नाही. जुन्या गाड्यांबद्दलचे बरेचसे गैरसमज या उलट्या क्रमातूनच आलेत.

‘पंधरा वर्षं झाली, आता भंगार’

महाराष्ट्रात हे खरं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, ती रस्त्यावर चालवण्यालायक ठरली तर ५-५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. लोक याला ‘रिपासिंग’ म्हणतात. गाडी नीट असेल तर ते कितीही वेळा करता येतं.

मग भंगाराची गोष्ट आली कुठून? एक म्हणजे दिल्लीहून. १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली-एनसीआरसाठी घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी करायला सांगितलं. बातमी देशभर पोचली, ‘एनसीआर’ हा शब्द वाटेत गळला. दुसरं म्हणजे २०२१ चं स्क्रॅपिंग धोरण. त्यात खासगी गाडीचं वय नव्हे, तिची तपासणीतली योग्यता महत्त्वाची आहे. १५ वर्षांनंतर नोंदणी वाढवायचीच नाही, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी गाड्यांना.

पण गैरसमज दूर झाला म्हणून लगेच खिशात हात घालू नका. खरा खर्च पंधराव्या वर्षाच्या आसपासच लपलेला असतो. दुचाकीचं नोंदणी नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झालं. २० वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ते २,००० केलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, दुचाकीला ५ वर्षांसाठी २,००० रुपये. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, तिचे ४५० रुपये अधिक जीएसटी. आणि बहुतेकांना माहीतच नसलेली बाब म्हणजे मुदत उलटल्यावर नूतनीकरणाला उशीर झाला की नियमाप्रमाणे दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा. समजा २००८ ची स्प्लेंडर आहे, मुदत २०२३ मध्ये संपली आणि मालकाने दोन वर्षं ढुंकून पाहिलं नाही. नुसता उशीर ७,२०० रुपयांचा झाला. वीस हजारांना ‘स्वस्तात’ मिळणारी गाडी तीस हजारांवर जाते ती अशी, एकही नट न बदलता.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो आरसीवरची मुदत कधीपर्यंत आहे हा. अॅव्हरेज किती देते, ते मागाहून.

‘बाँडवर लिहून घेतलंय, टीटी फॉर्मवर सही आहे’

गावोगाव या दोन गोष्टींवर गाड्या हात बदलतात. स्टॅम्पपेपरवर खरेदीखत, नोटरीचा शिक्का आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे हस्तांतराच्या अर्जावर, मालकाची सही. घेणाऱ्याला वाटतं गाडी आपली झाली, देणाऱ्याला वाटतं पीडा गेली. कायद्याच्या लेखी दोघांचाही समज अपुरा आहे. वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. गाडी हातोहात विकली गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली.

हे विकणाऱ्याचं दुखणं झालं, आपल्याला काय, असं घेणाऱ्याला वाटू शकतं. पण गाडी चोरीला गेली तर दावा कोण करणार? विमा कंपनी आरसीवरचं नाव बघते. मालकाने उद्या गाडी परत मागितली किंवा त्याच्या घरच्यांनी तक्रार केली, तर तो स्टॅम्पपेपर घेऊन खेटे तुम्हालाच घालावे लागतील.

रीतसर मार्ग अवघडही नाही. फॉर्म २९ आणि ३० भरायचे. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची ना हरकत आधी हवी. सिंधुदुर्गातल्या कुणाला गोवा पासिंगची गाडी स्वस्त वाटत असेल, तर महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी आणि इथला कर जमेस धरूनच तुलना करावी. १२ महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर नवा नंबर घेणं बंधनकारक आहे.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, हेही बघायचं. ‘हप्ते कधीच फिटलेत’ या वाक्याला किंमत नाही. फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याची ना हरकत मिळून आरसीवरचा बोजा उतरला तरच हप्ते फिटले म्हणायचं. जुन्या गाड्यांत गंमत अशी होते की कर्ज खरंच फिटलेलं असतं, पण कर्ज देणारी छोटी फायनान्स कंपनीच कुठे उरलेली नसते.

आणि ‘गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते गेले मागच्या साली’ हे वाक्य ऐकलंत तर तिथेच थांबा. आधी वारसाच्या नावावर हस्तांतर (फॉर्म ३१), मग तुमच्या. वारस चार असतील तर चौघांची संमती. दिवंगत माणसाची जुनी सही केलेला फॉर्म कुणी पुढे केला, तर तो व्यवहार करूच नये.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचायचे, आरसीशी आणि परिवहन विभागाच्या नोंदीशी ताडायचे. अंक घासलेले, वेडेवाकडे पंच केलेले किंवा त्या जागी ताजा रंग दिसला, तर चहासुद्धा न घेता निघावं. थकीत ई-चलनंही त्याच वेळी तपासा. नावावर करताना ती आडवी येऊ शकतात.

‘फक्त अठरा हजार चाललीये’

काट्याचं मीटर पुढच्या चाकावरून केबलने चालतं. केबल तुटली की गाडी धावते, मीटर झोपतं. शे-दोनशेची केबल वर्षानुवर्षं न बदलणारे कितीतरी मालक आहेत, आणि सगळेच लबाड नसतात. जुन्या बहुतेक मीटरांत पाचच आकडे, म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. डिजिटल मीटरचा आकडा बदलून देणारेही बाजारात आहेत. तेव्हा मीटरला साक्षीदार समजा, न्यायाधीश नव्हे.

साधा हिशोब करा. रोज ३० किलोमीटर कामावर जाणारा माणूस वर्षाला ९ हजारांच्या आसपास गाडी चालवतो. दहा वर्षांत नव्वद हजार. मीटर अठरा हजार सांगत असेल आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, ब्रेकच्या पॅडलच्या खाचा नाहीशा झालेल्या, चावीचं भोक सैल, तर मीटरपेक्षा फूटरेस्टवर विश्वास ठेवा.

समजा आकडा खरा आहे. तरी कमी चाललेली गाडी चांगलीच, हा आणखी एक समज. वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंकासारखं बसतं, टाकी आतून गंजते, ऑइल सील कडक होतात, बॅटरी मरते. टायरवर नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने तडकलेलं असतं. टायरच्या कडेला चार अंक असतात. ३२१९ असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी किमतीतून वजा करा. रोज चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली साठ हजारांची गाडी मी अशा झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा आधी उचलीन.

‘इंजिन उघडलेलंच नाही’

हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं, जणू इंजिन उघडणं हा कलंक आहे. ऐंशी-नव्वद हजार चाललेल्या गाडीचं इंजिन उघडलं नसेल तर ते काम बाकी आहे, आणि ते तुमच्या पैशाने होणार आहे. उलट चांगल्या मिस्त्रीने बोअर-पिस्टन केलेलं आणि बिल जपलेलं इंजिन पसंत करावं. फक्त पिस्टन कितव्या साइजचा टाकलाय ते विचारायचं. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात, बहुधा एक मिलिमीटरपर्यंत. शेवटची साइज वापरून झाली असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह किंवा अख्खा ब्लॉक बदलावा लागेल. आतून लेप दिलेल्या काही नव्या सिलिंडरना तर बोअर करताच येत नाही.

आवाज ऐकायचाच असेल तर थंड इंजिनाचा ऐका. ‘येतोय’ म्हणून फोन केला की बरेच मालक गाडी तापवून ठेवतात, कारण टायमिंग चेनची खडखड आणि सुरुवातीचा धूर गरम इंजिनात दबतो. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थोड्या वेळाने परत या. पहिल्या किकला निळसर धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, अॅक्सिलरेटर पिळल्यावर येतच राहिला तर बहुधा पिस्टन रिंग. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो ट्यूनिंगचा प्रश्न. हिवाळ्यात सकाळी दिसणारी पांढरी वाफ सोडून द्या. टू-स्ट्रोकला यातलं बरंचसं लागू नाही, तिथे ऑइल पेट्रोलबरोबर जळणारच.

गाडी पडलीय का, हे मात्र इंजिन सांगत नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून त्याला थांबवणारा फ्रेमवरचा ठोकळा बघा. समोरून जोरात धडकलेल्या गाडीत तो अनेकदा चेपलेला असतो. मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहा. फ्रेमच्या मानेजवळ वेल्डिंग किंवा वेगळ्या छटेचा रंग असेल तर गाडी नकोच.

पेट्रोलचंही एक. ई-२० ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, जुन्या गाडीचं इंजिन आठवड्यात बसतं, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. काहीच होत नाही म्हणालं तर तेही मानू नका. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल, असं म्हटलंय. जुन्या रबरी नळ्या, ओ-रिंग, गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, आणि ते भाग महाग नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून खरा त्रास उभ्या गाडीला.

विमा ‘जुन्या गाडीला मिळत नाही’ हेही चूक. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर गाडीच्या वयावर नाही, सीसीवर ठरतो. जून २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, अधिक जीएसटी. ‘नो क्लेम बोनस आहे’ म्हणून मात्र किंमत वाढवून देऊ नका. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

‘जुन्या गाड्या दणकट, आताच्या प्लास्टिकच्या’

पत्रा जाड होता हे मान्य. पण गाडी थांबवायला पत्रा लागत नाही, ब्रेक लागतो. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, त्याहून लहान गाड्यांना निदान जोडब्रेक. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत यातलं काही नाही. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. आयुष्यभर उलट सवय असलेल्या माणसाचा पाय ऐन वेळी कुठे पडेल, याचा विचार शोरूमच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघताना सुचत नाही. घरातल्या कॉलेजच्या मुलासाठी गाडी बघत असाल, तर पाच-सहा वर्षांची एबीएसवाली घ्या, पंधरा वर्षांची दणकट नको.

पार्ट मिळण्याचा प्रश्न वयापेक्षा मॉडेलचा आहे. १९९४ पासून रस्त्यावर असलेल्या स्प्लेंडरचे पार्ट कुठल्याही गावात मिळतात. एलएमएलची फ्रीडम तिच्याहून तरुण, पण कंपनीच बंद पडली.

‘आरएक्स हंड्रेड म्हणजे व्हिंटेज’

यामाहाची ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ बनली. म्हणजे सगळ्यात तरुण आरएक्ससुद्धा तीस वर्षांच्या आसपासची, किमान तीनदा रिपासिंग व्हायला हवी होती अशी. व्हिंटेज हा कायदेशीर दर्जा २०२१ च्या नियमांनी दिला तो ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना. पहिल्या आरएक्सलाही तो २०३५ च्या आत मिळू शकत नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज कामाला नेता येत नाही, त्यामुळे तो दर्जा तुम्हाला हवाय का हाही प्रश्नच. हौसेची किंमत मोजायला हरकत नाही. फक्त टाकी आरएक्सची, इंजिन दुसऱ्याच मॉडेलचं आणि आरसीवर तिसरंच काही, अशा जुळवलेल्या गाड्या याच नावाने सर्रास विकल्या जातात. तिथे लाख रुपये सांगणाऱ्याला आधी एवढंच विचारा, रिपासिंग शेवटचं कधी केलं आणि पावती कुठेय.