युरोपच्या सहलीला जाताय? औषधे जवळ ठेवा!

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, अवघ्या विसाव्या वर्षी निवर्तले. तेथे त्यांचे स्मारक आहे. आज आपल्याकडील मंडळी सहज त्या शहरी सहलीला जातात. पण प्रकृतीबाबत काही चुका हमखास करतात.

राजारामपुरीतील माझ्या दवाखान्यात येणारे एक मधुमेही गुरुजी असेच गेले. इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवले आणि बॅगच दोन दिवस उशिरा मिळाली! साखर इतकी वाढली की इस्पितळ गाठावे लागले.

म्हणून वाचकहो, औषधे हातातील पिशवीतच ठेवा. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. तिकडे आपल्या कंपन्यांची नावे चालत नाहीत, म्हणून चिठ्ठीवर औषधातील घटकाचे नाव लिहून घ्या. इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा आधीच डॉक्टरांना विचारा. दगडी रस्त्यांवर नवे बूट घालू नका. मधुमेह्यांच्या पायाला फोड आलेला कळत नाही, त्याचीच पुढे जखम चिघळते. रोज रात्री तळपाय तपासा.

अडचण आल्यास ११२ क्रमांक फिरवा.