गालिच्यावरचा डाग

ईद आठ दिवसांवर आली होती. घरात साफसफाई चालली होती. अब्बांनी जुन्या लाकडी कपाटाला पॉलिश आणि दाराला व्हार्निश लावायचे ठरवले. पॉलिशवाले चाचा सकाळीच आले आणि कामाला लागले.

दुपारी चाचा नमाजला गेले. मी चेंडू शोधत खोलीत धावत आलो. माझा पाय एका वाटीला लागला आणि वाटी कलंडली. त्यातले पॉलिश शेजारच्या गालिच्यावर सांडले. माझ्या पोटात गोळाच आला! तो दादींचा गालिचा होता. उत्तर प्रदेशातील भदोही येथे हाताने विणलेला, लोकरीचा. ईदच्या दिवशी सगळे पाहुणे त्याच गालिच्यावर बसून शीरखुर्मा खात. मी घाबरलो. जवळचे स्टूल ओढून डागावर ठेवले आणि गप्प बसलो.

दोन दिवसांनी अम्मीने स्टूल उचलले. खाली चार बोटे रुंद, तांबूस डाग होता. तो अगदी खडखडीत वाळला होता. तेथील लोकर काडीसारखी ताठ झाली होती. अम्मीने साबणाच्या पाण्याने डाग पुसून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. भाईजान म्हणाला, "ब्लीचिंग पावडर टाकू या."

तेवढ्यात चाचा आले. ते म्हणाले, "थांबा! ब्लीचिंग पावडरने हा डाग जाणार नाही. उलट लोकर कमजोर होईल आणि तिचा रंग उडेल. आधी मला सांगा, इथे काय सांडले आहे? पॉलिश की व्हार्निश? वाळल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण दोघांचे औषध वेगळे आहे."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. उत्तर फक्त मला ठाऊक होते. मी मान खाली घालून म्हणालो, "चाचा, माझा पाय लागून पॉलिशची वाटी सांडली."

मला वाटले, आता सगळे रागावणार. पण चाचा म्हणाले, "शाबास, बेटा! आता अर्धे काम झाले. पॉलिश असेल, तर डाग निघू शकेल."

"कसा काय?" मी विचारले.

चाचा समजावून सांगू लागले, "आमचे पॉलिश लाखेचे असते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राहतात. त्यांच्या अंगातून चिकट रस पाझरतो. तीच लाख. ती शुद्ध करून तिच्या पातळ पापड्या बनवतात. त्यांना चपडा म्हणतात. आम्ही चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो आणि लाकडावर लावतो. स्पिरिट हवेत उडून जाते आणि लाख मागे राहते. मिठाचे पाणी बशीत ठेवले, तर काय होते?"

"पाणी उडून जाते आणि मीठ उरते," मी म्हणालो.

"त्या मिठावर पुन्हा पाणी घातले तर?"

"मीठ पुन्हा विरघळते."

"बरोबर! लाखेचेही तसेच आहे. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून साबणाचे पाणी वाया गेले. पण स्पिरिट लावले, की वाळलेली लाख पुन्हा विरघळते. व्हार्निशची गोष्ट निराळी. त्यात जवसासारखे तेल असते. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्याचा पदार्थच बदलतो. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होते का? तसेच वाळलेले व्हार्निश पुन्हा पातळ होत नाही. आजकालचे पीयू पॉलिशही एकदा कडक झाले, की स्पिरिटला दाद देत नाही."

मग चाचांनी काम सुरू केले. मी लांब उभा राहून पाहत होतो. त्यांनी काय केले, ते क्रमाने सांगतो.

१) त्यांनी खिडक्या-दारे उघडली. अम्मीला शेजारच्या स्वयंपाकघरातील गॅस बंद करायला सांगितले. स्पिरिट चटकन पेट घेते आणि उजेडात त्याची ज्योत नीट दिसतही नाही.

२) चमच्याच्या बोथट कडेने डागाचा वरचा कडक थर हलकेच खरवडला. सुटलेला भुगा ब्रशने झाडून काढला.

३) पांढऱ्या कापडावर थोडे रंगहीन स्पिरिट घेऊन ते गालिच्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर दाबून पाहिले. गालिच्याचा रंग कापडाला लागला नाही, तेव्हाच ते पुढे गेले.

४) स्पिरिट गालिच्यावर ओतले नाही. कापड भिजवून ते डागावर काही मिनिटे दाबून धरले. लाख मऊ झाली.

५) मग कोरड्या कापडाने टिपले. घासले मात्र नाही. घासल्याने डाग पसरतो आणि लोकरीचे धागे तुटतात. टिपताना ते डागाच्या कडेकडून मध्याकडे येत होते.

६) कापडावर तांबूस रंग उतरला, की ते कापडाची नवी बाजू घेत. असे त्यांनी दहा-बारा वेळा केले.

७) शेवटी कोमट पाण्यात सौम्य साबण मिसळून ती जागा पुसली. मग स्वच्छ ओल्या कापडाने साबण काढला आणि गालिचा पंख्याखाली वाळवला.

लोकर पुन्हा मऊ झाली. पण डागाच्या जागी एक पुसट छटा राहिली. चाचा म्हणाले, "पॉलिशमध्ये मी लाकडाला शोभेल असा रंग मिसळला होता. तो लोकरीत मुरला. जास्त घासाल, तर गालिचाच जाईल. आता इथेच थांबावे."

"आणि व्हार्निश सांडले असते तर?" भाईजानने विचारले.

"ओले असताना टर्पेंटाइनने टिपून निघाले असते. वाळल्यावर मात्र जमेल तेवढे खरवडायचे आणि कडक झालेली धाग्यांची टोके बारीक कात्रीने कापायची. थिनर ओतायची चूक करू नका. पुष्कळ गालिच्यांच्या पाठीला रबरासारखा चिकट थर असतो. थिनरने तो सुटतो."

जाताना चाचांनी व्हार्निशच्या चिंध्या गोळा करून पाण्याने भरलेल्या डब्यात टाकल्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापतो. काडी न लावताही तो पेटू शकतो, हे मला त्या दिवशी समजले.

मुलांनो, स्पिरिट विषारी असते. हे काम मोठ्यांनीच हातमोजे घालून करावे. आपले काम वेगळे आहे. काही सांडले, तर लगेच सांगावे.

ईदच्या दिवशी गालिचा अंथरला. दादींनी मला जवळ बोलावले आणि त्या पुसट छटेवरच बसवले. शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "त्याच वेळी सांगितले असतेस, तर एवढीही खूण राहिली नसती. आता ही वाटी तरी सांभाळून धर हं!"

सगळे हसले. मी वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

शब्दार्थ
कलंडणे – एका बाजूला पडणे
बोथट – धार नसलेला
टिपणे – कापडाने ओल शोषून घेणे
मुरणे – आतपर्यंत शिरणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

स्वाध्याय
१. साबणाच्या पाण्याने डाग का निघाला नाही?
२. 'आता अर्धे काम झाले,' असे चाचा का म्हणाले?
३. कारणे लिहा : (अ) चाचांनी गॅस बंद करायला सांगितले. (आ) चाचांनी डाग घासला नाही.
४. वाक्यात उपयोग करा : पोटात गोळा येणे, मान खाली घालणे.
५. करून पाहा : बशीत मिठाचे पाणी ठेवून ते उन्हात वाळवा. उरलेल्या मिठावर पुन्हा पाणी घाला. काय दिसले ते चार वाक्यांत लिहा.