आधी फरकाकडे बघा

बँकेत संध्याकाळी जमाखर्चाचा मेळ बसला नाही, की आमचे एक जुने अकाउंटंट चष्मा कपाळावर सारून म्हणत, "आधी फरकाकडे बघा, मग वह्यांकडे." फरकाला नऊने भाग जात असेल, तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संभव. फरकाच्या बरोबर निम्मी एखादी रक्कम वहीत सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडलेली. चूक स्वतःच आपला पत्ता सांगत असते. आपण मात्र घाबरून सगळ्याच वह्या उपसत बसतो.

निवृत्तीनंतर हा धडा मला व्हिडिओचे संपादन करताना उपयोगी पडला.

निमित्त होते ताईच्या सत्तरीचे. १९९४ साली आईची एकसष्टी झाली, तेव्हा घेतलेली व्हिडिओ कॅसेट माझ्या कपाटात होती. आईचा आवाज असलेली आमच्याकडची ती एकमेव फीत. तिला बुरशी लागली होती. ती संगणकासाठी उतरवून देणाऱ्या माणसाने पेन ड्राइव्ह हाती ठेवत बजावले, "आता ही पुन्हा मशीनमध्ये घालू नका." जुनी दृश्ये आणि नातलगांनी फोनवर पाठवलेल्या शुभेच्छा जोडून अर्ध्या तासाची फिल्म करावी, असे मी ठरवले. कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा हे काय जमणार नाही, हा अहंकारही होताच.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी संगणक उघडला, तर आईच्या जागी लाल पडदा आणि त्यावर इंग्रजीत 'मीडिया ऑफलाइन'. पोटात गोळा आला. पुण्याला भाचीला फोन लावला. तिचा हाच व्यवसाय आहे. ती शांतपणे म्हणाली, "मामा, काहीही पुसू नकोस. आधी सांग, ती फाइल मुळात होती कुठे?"

या एका प्रश्नात निम्मे उत्तर होते. माझी समजूत अशी, की चित्रे त्या सॉफ्टवेअरच्या पोटात गेली आहेत. प्रत्यक्षात ते नुसते खातेवही ठेवते. अमुक फाइल अमुक जागी आहे, तिचा तिसऱ्या मिनिटापासून चौथ्यापर्यंतचा तुकडा घ्या, एवढीच नोंद. रोकड असते तिजोरीत. माझी तिजोरी होती तो पेन ड्राइव्ह, आणि सौभाग्यवतींनी तो मुदतठेवींच्या पावत्यांच्या डब्यात जपून ठेवला होता! तो लावून, 'रीलिंक' या आज्ञेने नवा पत्ता दाखवताच आई पडद्यावर परत आली. त्या दिवसापासून सगळ्या मूळ फाइली संगणकात एकाच फोल्डरमध्ये, आणि त्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर. काम संपेपर्यंत त्या फोल्डरचे नावही बदलायचे नाही.

मग फोनवरची दृश्ये अडखळू लागली. मला वाटले, फाइली खराब आल्या. तसे नव्हते. नवे फोन जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या-नंतरच्या चित्रांपेक्षा काय बदलले, तेवढेच बहुतेक वेळा नोंदवतात. त्यावरून चित्र पुन्हा उभे करताना जुना संगणक दमतो. यावर उपाय 'प्रॉक्सी'चा. मूळ फाइलींच्या हलक्या नकला करून त्यांवर काम करायचे. शेवटची फिल्म मात्र मूळ फाइलींवरूनच बनते.

खरा घोळ झाला तो ताईच्या बालमैत्रिणीच्या गाण्याचा. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळत. शेवटी ओठ मिटले तरी गाणे चालूच! इथे मला अकाउंटंट आठवले. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर आवाजाची पट्टी तेवढी पुढेमागे सरकवली की भागते. फरक हळूहळू वाढत गेला, तर बहुधा गतीच बिघडलेली असते. फोन उजेड पाहून सेकंदाला कधी ३०, कधी २४ चित्रे घेतो. संपादनाला एकच गती लागते. 'हँडब्रेक' नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून नवी फाइल केली, आणि बाईंचे ओठ सुरात आले.

जुन्या फितीवर आई हात हलवी, तेव्हा हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा उमटत. हा दोष बुरशीचा नव्हे. आपल्याकडच्या त्या काळच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असत आणि प्रत्येक चित्र दोन भागांत येई, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. संगणक दोन्ही भाग एकदम दाखवतो, म्हणून हललेला हात दातेरी दिसतो. 'डीइंटरलेस' केले की दाते जातात.

शेवटी तयार फिल्म पेन ड्राइव्हवर उतरेना. जागा तर भरपूर होती! पण जुन्या 'फॅट ३२' पद्धतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. तो रिकामा करून 'एक्सफॅट' पद्धतीने आखून घेतला, आणि काम झाले.

फिल्म भाचीला दाखवली. ती म्हणाली, "मामा, आजी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलायची ना? ते कुठे गेलं?" ते मीच कापले होते. ओवाळणीच्या मधेच आई कॅमेरावाल्या मुलाला विचारते, "अरे, तू जेवलास का?" कार्यक्रमाच्या दृष्टीने ते निरुपयोगी, म्हणून कात्री लावली. पण ही कात्री फक्त खातेवहीतली. तुकड्याची कड ओढताच ती सात सेकंदे जशीच्या तशी परत आली.

सत्तरीच्या दिवशी शुभेच्छा झाल्या, गाणे झाले, ताई हसत होती. आईचा तो प्रश्न आला आणि तिने पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा लाव रे तेवढंच."

आयुष्यात बरेच काही खरोखरच्या कात्रीने कापले जाते. त्याची कड पुन्हा ओढता येत नाही. म्हणून जे कपाटात उरले आहे, ते बुरशीच्या आधी उतरवून घ्या. आणि पडदा लाल झालाच, तर काही पुसण्याआधी स्वतःला विचारा, "ते मुळात होते कुठे?"